पहिली उचल

आसनगावला गाडीतून उतरावे, शहापूरची पेठ ओलांडावी आणि किन्हवलीच्या रस्त्याला लागावे, म्हणजे माहुलीचे सुळके हळूहळू पाठीमागे सरकतात, दोन्ही अंगांना भातखाचरे उलगडू लागतात, आणि त्या खाचरांच्या बांधांवरून, सागाच्या व ऐनाच्या शेंड्यांना चुकवीत आणि पुष्कळदा न चुकविता, विजेच्या तारांची एक रांग आपल्या सोबतीने चालू लागते. शेणव्याच्या आसपास विखुरलेल्या वस्त्यांपैकी एका वस्तीत माझे आजोळ आहे. लहानपणी दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा राखेने पुसून ठेवण्याचे काम तिथे माझ्याकडे असे. आज त्याच ओटीच्या भिंतीवर एक राखाडी लोखंडी पेटी बसविलेली आहे, आणि तिचा दांडा वर-खाली करण्याचा अधिकार घरात फक्त मामा-मामींना आहे. त्या पेटीपर्यंत पोहोचावयास मामांना तीन वर्षे लागली.

विषय दिसावयास किरकोळ आहे. घरातील उपकरणे चालविण्यासाठी जनरेटर घ्यावयाचा झाला तर तो केवढा घ्यावा, एवढाच प्रश्न. परंतु शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत हिंडताना, या एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे जळालेल्या मोटरी, वाया गेलेले डिझेल आणि पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली गंजत पडलेली यंत्रे मी इतकी पाहिली आहेत, आणि परक्या माणसाच्या जिवावर बेतणारा धोका इतक्या निष्काळजीपणे ओढवून घेतलेला पाहिला आहे, की या गोष्टीची सविस्तर कैफियत एकदा मांडावी असे फार दिवसांपासून मनात होते.

या टापूला विजेची ओळख उशिरा झाली असे मात्र कोणी म्हणू नये. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने कल्याण ते इगतपुरी हा मार्ग १९३० साली विजेवर आणला, तेव्हाच आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा या स्थानकांवरून तारा गेल्या. पुढे भातसा नदीवर धरण झाले. मुंबईला लागणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी आज तिथून जाते, आणि त्या धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे वीजगृहही आहे. नाशिकच्या महामार्गावर शहापूरच्या अलीकडे पडघा लागते, तिथले ४०० किलोव्होल्टचे उपकेंद्र म्हणजे मुंबईच्या वीजपुरवठ्याची एक नाडीच आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा परिसरातील वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, रुग्णालयांना जनित्रांचा आधार घ्यावा लागला, आणि जे महानगर अंधार विसरून गेले होते त्याला काही तासांपुरती त्याची आठवण झाली. शेणव्याला ती आठवण कोणी करून द्यावी लागत नाही. तारा डोक्यावरून जाणे आणि वीज घरात टिकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण भागात दिवसाचे दहा-दहा, बारा-बारा तास वीज नसे. ते दिवस सरले, पण मृगाच्या आधीचा वळीव तसाच राहिला. एक फांदी तारेवर पडते, चिनी मातीचा एखादा इन्सुलेटर तडकतो, कुठे डीपी, म्हणजे वाहिनीवरचे रोहित्र, जळते, आणि दूरवर पसरलेल्या त्या एकाच वाहिनीवरील कितीतरी गावे एकदम काळोखात जातात. वायरमन भर पावसात रानातून तारेखाली चालत दोष शोधतो. त्याला तो दोन तासांत सापडेल की दोन दिवसांत, हे कोणाला सांगता येत नाही.

माझे मामा निवृत्त शिक्षक. प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च वहीत उतरविल्याखेरीज त्यांना झोप येत नाही. मधुमेहामुळे त्यांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये असते, आणि ते २ ते ८ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले पाहिजे असे डॉक्टरांनी बजावलेले. घरामागे बोअरवेल, तिच्यात एक हॉर्सपॉवरचा सबमर्सिबल पंप. एका ज्येष्ठात सलग अडीच दिवस लाइट नव्हती. त्या वेळी इन्सुलिनच्या बाटल्या मातीच्या माठात ओल्या फडक्यात ठेवाव्या लागल्या, आणि त्यानंतर जनरेटर घ्यावयाचाच असा निश्चय झाला.

त्यांनी रीतसर हिशेब केला. नऊ वॅटचे सहा दिवे, म्हणजे ५४, पंचाहत्तर वॅटचे तीन पंखे, म्हणजे २२५, टीव्ही ६०, फ्रिज चालू असताना १५०, आणि पंप, जो कागदोपत्री ७४६ वॅटचा असला तरी आपल्या आतील घट धरून प्रत्यक्षात ओढतो सुमारे ११००. एकूण बेरीज १,५८९. म्हणजे सोळाशे वॅट धरले, तर २.२ केव्हीएचे पेट्रोल जनरेटर सुखाने पुरावे. दुकानदारानेही तीच बेरीज केली. यंत्र घरी आले, मामींनी त्याला हळदकुंकू लावले, दोरी ओढली, दिवे लागले, पंखे फिरले, फ्रिज गुरगुरू लागला. आणि पंपाचे बटण दाबताच दिवे तांबूस झाले, इंजिनाचा आवाज खोल गेला, व बोअरच्या तळाशी मोटर नुसती गुणगुणत उभी राहिली.

“अरे, आकडे तर सारे बसतात,” मामा मला फोनवर म्हणाले. “मग मोटर उचलत का नाही?”

मोटर उचलत नाही, हा आमच्याकडचा नित्याचा शब्दप्रयोग आहे. विजेचा दाब कमी असला की पंप पाणी उचलीत नाही, गिरणीचे जाते फिरत नाही, आणि प्रत्येक शेतकरी ते याच शब्दांत सांगतो. जनरेटरच्या मापाचे सगळे रहस्य या ‘उचल’ शब्दात साठविलेले आहे, आणि पुस्तकी बेरजेत नेमके तेच निसटते. थांबलेल्या मोटरीला पहिली गती देण्यासाठी जी वीज लागते, ती तिच्या चालू स्थितीतील विजेच्या पाच ते सातपट असू शकते. बैलगाडी खाचरातून काढताना पहिल्या हिसक्यालाच बैलांच्या खांद्यांवर खरा जोर येतो. चाके एकदा फिरू लागली म्हणजे तेच बैल रवंथ करीत चालतात. दिवा, इस्त्री, गिझर, शेगडी यांना अशी उचल नसते, ती जेवढी लिहिलेली तेवढीच वीज घेतात. उचल असते ती मोटरीला: फ्रिजच्या कॉम्प्रेसरला, पंपाला, वातानुकूलन यंत्राला. मामांचा फ्रिज चालताना १५० वॅटचा असला, तरी कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या त्या निमिषात तो हजाराच्या घरात जातो.

पुढच्या रविवारी मी शेणव्याला गेलो, आणि शहापूरचा एक ओळखीचा वायरमन सोबत नेला. सुदैवाने लाइट होती. त्याने स्टार्टरची पेटी उघडली, आतल्या दोन कपॅसिटरवरची कोळ्याची जाळी फुंकून काढली, आणि वीजप्रवाह मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा चिमटा पंपाच्या एका तारेभोवती अडकवून मामांना बटण दाबावयास सांगितले. आकडा क्षणार्धात तिशीच्या पुढे उसळला आणि आम्ही तो वाचतो न वाचतो तोच साडेसातावर येऊन स्थिरावला. मामांनी तो प्रयोग तीनदा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी वहीत नोंद केली. २३० व्होल्टच्या दाबाने तीस अँपिअर म्हणजे जवळजवळ सात केव्हीए. ज्या यंत्राची सारी ताकद सव्वादोन केव्हीएची, त्याच्याकडून ही मागणी होती.

त्यात आणखी एक गोष्ट अशी, की यंत्र दमले म्हणजे दाब उतरतो, आणि मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. दाब सत्तर टक्क्यांवर आला तर जोर निम्म्याहूनही कमी, एकोणपन्नास टक्के उरतो. म्हणजे ज्या क्षणी मोटरीला सर्वाधिक बळ हवे, त्याच क्षणी तिचे बळ हरपते. मग ती फिरत नाही, पण वीज तर घेतच राहते, आणि ती सारी वीज उष्णता होऊन वाइंडिंगमध्ये साठते. अशी मिनिटभर उभी राहिलेली मोटर जळते. मग शंभर-दोनशे फुटांवरून पाइपांसकट वर काढावी लागते, आणि रिवाइंडिंगवाल्याकडे तिची पाळी येईपर्यंत घर पाण्यावाचून बसते. लहान जनरेटरने वाचविलेले पैसे कुठे जातात, ते मी या दोन तालुक्यांत असे कितीतरी ठिकाणी पाहिले.

जनित्र मात्र अगदीच दुबळे नसते. चांगल्या यंत्राला आपल्या मापाच्या दोन-अडीचपट भार डोळ्याचे पाते लवण्यापुरता सोसतो, म्हणून एक हॉर्सपॉवरच्या सबमर्सिबलसाठी सात केव्हीएचे यंत्र घ्यावे लागत नाही. साधारणतः पाच केव्हीएचे पुरते, अर्ध्या हॉर्सपॉवरसाठी अडीचचे. हे माप एकट्या मोटरीचे झाले. तीही पहिली सुरू करावी, आणि तिचा श्वास बसल्यावर मग फ्रिज, मग पंखे. उलट क्रमाने गेले तर पाच केव्हीएचेही यंत्र अडखळते.

केव्हीए आणि किलोवॅट या दोन शब्दांचा घोळ इथेच सोडविलेला बरा. मामींनी तो माझ्यापेक्षा लवकर ओळखला. दूध काढताना चरवीत दूध असते तसा फेसही असतो. पोटात जाते ते दूध, पण चरवी घ्यावी लागते ती दोन्ही मावतील एवढी. किलोवॅट म्हणजे प्रत्यक्ष कामी येणारी वीज, केव्हीए म्हणजे तिच्यासह मोटरीच्या चुंबकत्वासाठी ये-जा करणाऱ्या विजेचीही जागा. घरगुती हिशेबात पाच केव्हीएच्या यंत्रातून चार किलोवॅट काम मिळते, असे धरावे. आणि खोक्यावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा कमाल शक्तीचा असतो. तासन् तास पेलण्याची शक्ती त्याहून कमी, आणि ती बारीक अक्षरांत पाटीवर असते. ती पाटी वाचून खातरजमा केल्याखेरीज पैसे मोजू नयेत. शेणव्याची उंची थोडी असल्याने तिथे प्रश्न नाही, पण महाबळेश्वरासारख्या १,३७२ मीटरांवरील ठिकाणी विरळ हवेमुळे त्याच इंजिनाची ताकद सुमारे पंधरा टक्क्यांनी घटते.

लहान यंत्राची ही गत पाहून कोणी म्हणेल, की मग मोठेच घ्यावे. तसे केलेले एक घर मुरबाडच्या वाटेवर मी पाहिले. मुंबईच्या एका सद्गृहस्थांनी शनिवार-रविवारसाठी बांधलेला तो बंगला. एक वातानुकूलन यंत्र, एक फ्रिज, पंप आणि दिवे यांच्यासाठी त्यांनी पंधरा केव्हीएचे डिझेल जनित्र बसविले होते. यंत्र उत्तम होते, ध्वनिरोधक पेटीत होते. पण एवढ्या मोठ्या इंजिनावर रात्रभर चार दिवे आणि दोन पंखे चालत. डिझेलचे इंजिन आपल्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भारावर दीर्घकाळ चालले, तर त्याचे सिलिंडर पुरते तापत नाहीत, इंधन पुरते जळत नाही, आणि न जळलेले तेल व काजळी मिळून धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. त्या बंगल्याच्या पांढऱ्या भिंतीवर धुराड्याच्या तोंडापासून खाली काळा ओघळ उतरलेला होता. राखणदाराने तो दोनदा चुन्याने झाकला होता, आणि तो दोन्ही वेळा पुन्हा वर आला होता. ज्या भारासाठी तासाला अर्धा-पाऊण लिटर पुरले असते, त्यासाठी तिथे त्याच्या दुप्पट-तिप्पट डिझेल जात होते.

योग्य माप ज्यांच्या अंगवळणी पडले आहे अशी माणसे पाहावयाची असतील, तर मुरबाड तालुक्यातील म्हशाच्या यात्रेला जावे. पौष पौर्णिमेपासून भरणाऱ्या त्या जत्रेत गुरांचा बाजार असतो, घोंगड्यांची दुकाने असतात, आणि संध्याकाळ झाली की पाळणे व खेळ जनरेटरवर उजळतात. पाळणा हलण्यापूर्वी माळा विझतात आणि तो फिरू लागला की पुन्हा लागतात, हे मी लहानपणी गंमत म्हणून पाहत असे. त्यामागे सबंध भाराचा बंदोबस्त होता, हे फार उशिरा ध्यानात आले.

आता ज्या गोष्टीसाठी मी विशेष करून हा लेख लिहीत आहे, तिच्याकडे येतो. जनरेटरची वीज घरात सोडण्यासाठी कितीतरी ठिकाणी दोन्ही टोकांना पिना असलेली एक वायर वापरतात. एक टोक यंत्रात, दुसरे भिंतीतल्या सॉकेटात. मेन स्विच पाडण्याचे आठवणीवर सोपविलेले असते. आठवण चुकली, तर ती वीज घरात थांबत नाही. ती मीटरमधून उलट बाहेर पडते, खांबावर चढते, आणि डीपीत शिरते. डीपी ही दुतर्फा वाट आहे. वरून आलेले अकरा किंवा बावीस हजार व्होल्ट ती उतरवून आपल्याला देते, आणि खालून २३० व्होल्ट चढले तर त्यांचे पुन्हा हजारो व्होल्ट करून वर पाठविते. त्याच वेळी दोन मैलांवर, भर पावसात, वाहिनी बंद आहे याची खात्री करून एक वायरमन खांबावर चढलेला असतो. आपल्या घरातला पंखा फिरावा म्हणून त्याच्या हातात आपण मरण देतो. माझ्या मामांसारख्या हिशेबी माणसाच्या घरीही पहिले वर्षभर अशीच वायर होती, हे सांगताना मला आजही शरम वाटते. तिच्यावरचा उपाय म्हणजे ओटीवरची ती राखाडी पेटी, चेंजओव्हर स्विच. तिचा दांडा वर असेल तर घर महावितरणच्या तारेला जोडलेले, खाली असेल तर जनरेटरला. दोन्हींना एकदम जोडणे तिच्या रचनेतच शक्य नाही. जनरेटरच्या पैशांत या पेटीचे पैसे धरलेच पाहिजेत. ज्याला ते परवडत नाहीत त्याने जनरेटर घेऊ नये, आणि हे मी पूर्ण विचारांती लिहितो.

तितकीच निक्षून सांगावयाची दुसरी गोष्ट धुराची. पाऊस लागू नये म्हणून यंत्र पडवीत, बंद माजघरात, गोठ्यात घेतात. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूलही लागत नाही. यंत्र बाहेरच राहिले पाहिजे, दारा-खिडक्यांपासून दूर, वर स्वतंत्र छप्पर करून.

मामांनी शेवटी काय केले? पाच केव्हीएचे यंत्र घ्यावे असा माझा आग्रह होता. ते वहीकडे बराच वेळ पाहत बसले आणि मग म्हणाले, “पंपाला लाइट कशाला पाहिजे, पाणी आपल्याला पाहिजे. पाणी साठवता येतं की.” मी इतकी वर्षे माप काढीत होतो, आणि हे मला सुचले नव्हते. सबंध घरात पाच केव्हीए मागणारी वस्तू एकच होती, आणि तिचे काम लाइट असतानाच उरकून ठेवता येत होते. त्यांनी गच्चीवरची हजार लिटरची टाकी होती तशी ठेवून शेजारी तेवढीच दुसरी बसविली. वायरमनकडून पंपाची तार चेंजओव्हरच्या अलीकडे घेतली, म्हणजे जनरेटर चालू असताना कोणी चुकून बटण दाबले तरी त्याची वीज पंपापर्यंत पोहोचणारच नाही. रात्रीच्या दिव्या-पंख्यांसाठी दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. बारा व्होल्टच्या हिशेबाने तिच्यात १,८०० वॅट-तास, त्यातून तीन पंखे आणि चार दिवे चार-पाच तास निघतात. फ्रिजचे दार उघडले नाही तर आतला गारवा सुमारे चार तास टिकतो. म्हणून दर चार तासांनी तासभर ते जुनेच २.२ केव्हीएचे यंत्र चालवावयाचे: आधी फ्रिज, तो बसला की बॅटरीचे चार्जिंग, आणि मामींना वाटण करावयाचे असेल तर चार्जिंग थांबवून मिक्सर. इस्त्री आणि गिझर यांची नावे यादीतून खोडली. लाइट कितीही दिवस न जावो, महिन्यातून एकदा वीस मिनिटे यंत्र भारासह चालवावयाचे, कारण साठलेले पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट होऊन बसते आणि नेमक्या अडीच्या वेळी दोरी ओढून ओढून हात दुखतात.

ही तजवीज सगळ्यांना लागू पडेल असे नाही. ज्याच्याकडे गुरांचा मोठा गोठा आहे, किंवा जो भाजीपाल्याला बोअरचे पाणी देतो, त्याला पंप चालवावाच लागेल, आणि त्याने पाच केव्हीएच्या खाली येऊ नये. पण त्यानेही दुकानात जाण्यापूर्वी टाँग टेस्टर लावून आपल्या मोटरीची उचल स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी.

गेल्या ज्येष्ठात मी तिथेच मुक्कामाला होतो. वटपौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी माहुलीकडून आभाळ काळे भरून आले, तेव्हा मामांनी न बोलता पंप सुरू केला. पाऊण तासाने वीज कडाडली आणि लाइट गेली. मामींनी इन्व्हर्टरच्या उजेडात भाकरीचा शेवटचा उंडा थापला, पदराला हात पुसले, गच्चीच्या जिन्यावरून चार पायऱ्या चढून दोन्ही टाक्यांना बोटाच्या पेराने ठोकून पाहिले. आवाज भरीव आला. त्या खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “जेवून घ्या. यंत्र नऊला लावू.”